माजी सैनिक विद्यार्थी आणि आपलं कॉलेज : कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मराठी शिकवते. माझे वडील तोफखान्यात हवालदार होते. फौजेतून पेन्शन घेऊन शिकायला बसलेल्या माणसाशी कॉलेजनं कसं वागावं, त्याचे कागद कसे वाचावेत, याचं अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण आम्ही काही जण आसपासच्या कॉलेजांत घेतो. तिथे पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न आणि आमची उत्तरं खाली दिली आहेत.

हे प्रशिक्षण प्राध्यापकांसाठी आहे की ऑफिससाठी?

दोघांसाठी, पण आधी ऑफिससाठी. माजी सैनिक विद्यार्थी कॉलेजला मुकतो तो बहुतेक वेळा खिडकीवरच. वर्गापर्यंत तो पोचतच नाही.

एका कॉलेजात घडलेली गोष्ट सांगते. जून महिना, प्रवेशाची गर्दी. चाळिशीच्या आसपासचा एक माणूस खिडकीशी आला. बीएला प्रवेश हवा होता. क्लार्कनं कागद चाळले आणि म्हणाला, "उद्या या." दुसऱ्या दिवशी खिडकी उघडायच्या आधी पाच मिनिटं तो हजर. बाकड्यावर जागा असून उभाच. पुन्हा "साहेब नाहीत, उद्या या." तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी तो आला नाही. पुढे कळलं की तो साखर कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीला लागला. कागदांत फक्त मूळ शाळा सोडल्याचा दाखला कमी होता. तो शाळेतून दोन दिवसांत मिळाला असता, पण हे एक वाक्य त्याला तीन दिवसांत कुणी सांगितलं नाही.

आपला नेहमीचा विद्यार्थी काय करतो? हुज्जत घालतो, मामाला फोन लावतो, कुणा नगरसेवकाचं नाव सांगतो. फौजी यातलं काही करत नाही. "उद्या या" हे त्याच्या कानाला हुकमासारखं लागतं. तो येतो, आणि काम होत नाही म्हणजे आपण नियमात बसत नसणार, असं स्वतःच ठरवून निघून जातो. म्हणून आमच्या प्रशिक्षणाचा पहिला तास खिडकीवर बसणाऱ्यांचा, शिपायांचा, ग्रंथालयातल्या सहायकांचा आणि गेटवरच्या वॉचमनचा असतो.

आमच्याकडे असे विद्यार्थी आहेतच किती? त्यासाठी वेगळं प्रशिक्षण कशाला?

"दोन-तीन असतील" असं बहुतेक प्राचार्य म्हणतात. आम्ही विचारतो, मोजले कधी? प्रवेश अर्जात जातीचा रकाना असतो, उत्पन्नाचा असतो, पालकांच्या व्यवसायाचाही असतो. "आपण स्वतः सैन्यदलात सेवा केली आहे का?" हा रकाना नसतो. त्यामुळे बहिःस्थ, दूरस्थ किंवा नियमित वर्गांत असलेला माजी सैनिक आकड्यांत कुठे दिसतच नाही. एक रकाना वाढवा. उत्तर द्यायची सक्ती करू नका, आणि ही माहिती कशासाठी हवी ते त्याच ओळीत लिहा.

ज्या भागात अपशिंगे मिलिटरी आणि सैनिक टाकळी अशी गावांची नावं आहेत, जिथे घराघरात भिंतीवर गणवेशातला फोटो आहे, तिथल्या कॉलेजांना तरी "आमच्याकडे कोण येणार" असं म्हणता येणार नाही.

पेन्शन चालू असताना हा माणूस कॉलेजात येतो कशाला?

शिपायाला 15 वर्षांच्या सेवेनंतर पेन्शन बसते. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला जवान पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. मुलं शाळेत असतात, घराचं कर्ज असतं, आई-वडील थकलेले असतात. तेवढ्या पेन्शनवर पुढची 40 वर्षं निघत नाहीत.

मग तो सरकारी नोकरी बघतो. केंद्राच्या गट क पदांत माजी सैनिकांना 10 टक्के आणि गट ड मध्ये 20 टक्के जागा राखीव असतात. राज्य शासनाच्या गट क आणि ड पदांत 15 टक्के समांतर आरक्षण आहे. तलाठी, लिपिक, बँक, पोलीस अशा जागांसाठी तो अभ्यास करतो आणि त्यातल्या बऱ्याच जागांना पदवी हवी असते. काही जणांना वकील व्हायचं असतं, काही जणांना शिक्षक. आणि काही जण नुसतं राहून गेलेलं शिक्षण पुरं करायला येतात. एका विद्यार्थ्यानं मला सांगितलं होतं, "मॅडम, पोरगी बारावीला आहे. तिच्याबरोबर बसून अभ्यास करायचा म्हणून नाव घातलं." हेही कारण नोकरीइतकंच खरं धरा.

"माझ्याकडे ग्रॅज्युएशनचं सर्टिफिकेट आहे, एमएला घ्या" असं म्हणतात. काय करायचं?

सगळ्यात जास्त गैरसमज आणि सगळ्यात जास्त अपमान याच मुद्द्यावर होतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दहावी किंवा फौजेची तत्सम शैक्षणिक परीक्षा पास झालेल्या आणि किमान 15 वर्षं सेवा केलेल्या माजी सैनिकाला, ज्या गट क पदांना पदवी लागते तिथे अर्ज करायची मुभा केंद्राच्या नियमांत आहे. राज्याच्या भरतीच्या जाहिरातींतही अशा स्वरूपाची सवलत दिसते. त्या आधारावर निवृत्तीच्या वेळी एक प्रमाणपत्र मिळतं आणि फौजेत सगळे त्याला "ग्रॅज्युएशन सर्टिफिकेट" म्हणतात. ही सवलत नोकरभरतीसाठी आहे. एमए, बीएड किंवा तीन वर्षांच्या एलएलबीच्या प्रवेशाला विद्यापीठाची पदवीच लागते.

हे सांगायचं कसं, हा खरा प्रश्न आहे. मी असंही ऐकलं आहे: "हे काय आणलंय? असली सर्टिफिकेटं इथे चालत नाहीत." समोरच्या माणसानं 17 वर्षांच्या नोकरीनंतर मिळालेला तो कागद लॅमिनेट करून आणलेला असतो. कागद खरा आहे, शासनाचा आहे, फक्त त्याचा उपयोग वेगळ्या ठिकाणी आहे. म्हणून प्रशिक्षणात आम्ही एक वाक्य सगळ्यांकडून म्हणून घेतो: "हे प्रमाणपत्र नोकरीच्या अर्जाला जोडा, तिथे ते पदवीच्या जागी धरतात. एमएसाठी मात्र आधी बीए करावं लागेल, त्याचा फॉर्म मी आत्ता देतो." नकार तोच आहे, पण त्याला पुढची वाट जोडलेली आहे.

बारावी झालेली नसेल तर मुक्त विद्यालयाचा आणि नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा पत्ता खिडकीवर लिहून ठेवा.

कागदपत्रांत नावं जुळत नाहीत. प्रवेश थांबवायचा का?

थांबवू नका, तात्पुरता प्रवेश द्या आणि दुरुस्तीची वाट दाखवा. असं प्रकरण हमखास येतं. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं: पाटील संभाजी आनंदा. डिस्चार्ज बुकात (निवृत्तीच्या वेळी मिळणारं सेवेच्या नोंदींचं पुस्तक) नुसतं संभाजी पाटील, आणि वडिलांचं नाव वेगळ्या रकान्यात. जुन्या भरतीतल्या काहींचं आडनावच लागलेलं नाही, संभाजी आनंदा एवढंच. आधार कार्डावर तिसरा प्रकार. भरतीच्या वेळी परप्रांतातल्या क्लार्कनं ऐकून लिहिलं असेल तर स्पेलिंगचं विचारूच नका.

आता शैक्षणिक क्रेडिटची नोंद ऑनलाइन होते आणि ती आधारवरच्या नावाशी बांधलेली असते, त्यामुळे नाव जुळवणं पुढे कधीतरी करावंच लागतं. त्याला तीन गोष्टी सांगा: कॉलेजच्या नोंदीला मार्कशीटवरचं नाव चालेल, आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या, आणि "दोन्ही नावांची व्यक्ती मीच" असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. फौजेच्या नोंदींत बदल हवा असेल तर ते काम रेकॉर्ड ऑफिसकडून होतं, आणि त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदत करतं. हे कार्यालय प्रत्येक क्लार्कला माहीत हवं. जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांचा फोन नंबर आम्ही पहिल्या दिवशीच सगळ्यांच्या मोबाइलमध्ये घालून घेतो.

शिक्षणातला खंड का पडला याचं गॅप सर्टिफिकेट अशा विद्यार्थ्याकडे सर्रास मागितलं जातं. भरतीची तारीख, निवृत्तीची तारीख, मधली सगळी वर्षं डिस्चार्ज बुकात लिहिलेली असतात. विद्यापीठानं स्पष्ट सक्ती केली नसेल, तर स्टॅम्प पेपरसाठी त्याला तहसीलला पळवू नका.

त्यांना डिफेन्स कोट्यातून प्रवेश द्यायचा ना?

व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या केंद्रीभूत प्रवेशात डेफ-1, डेफ-2, डेफ-3 असे जे प्रकार असतात ते सैनिकांच्या आणि माजी सैनिकांच्या मुलांसाठी आहेत. पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनाही पाल्य आणि सैनिकांच्या विधवा यांच्यासाठी आहे. स्वतः शिकणाऱ्या माजी सैनिकाला या दोन्हींतून काही मिळत नाही. "तुम्हाला काय, मिलिटरी कोटा आहे" असं म्हणून त्याला आशेला लावू नका. मात्र त्याची मुलं शिकत असतील तर त्यांच्यासाठी ही माहिती द्या. पुष्कळांना ती नसते.

फौजेतल्या ट्रेनिंगचे क्रेडिट मिळतात का?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नंतर क्रेडिट साठवायची आणि कामातून मिळालेलं कौशल्य मोजायची चौकट तयार झाली आहे. प्रत्यक्ष किती क्रेडिट धरायचे हे विद्यापीठ ठरवतं. कॉलेजनं तोंडी आश्वासन देऊ नये. ट्रेड कोर्सची, म्हणजे फौजेतल्या कामाच्या प्रशिक्षणाची, प्रमाणपत्रं घ्या, अर्ज विद्यापीठाकडे पाठवा, त्याची पोच विद्यार्थ्याला द्या.

अग्निवीर परत आले की त्यांनाही हेच लागू होईल?

नाही, आणि हा फरक कर्मचाऱ्यांना आत्ताच कळायला हवा. चार वर्षांसाठी अग्निवीर म्हणून सैन्यात भरती करणारी अग्निपथ योजना जून 2022 मध्ये जाहीर झाली. पहिल्या तुकड्या 2022 च्या अखेरीस आणि 2023 च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला गेल्या. म्हणजे त्यांची चार वर्षं 2026 च्या अखेरीपासून पुरी होऊ लागतात. जास्तीत जास्त 25 टक्के जणांना पुढे कायम केलं जाईल, बाकीचे परत येतील.

ही मुलं बाविशी-पंचविशीतली असतील. वर्गात ती सहज मिसळतील, त्यामुळे ओळखू येणं आणखी अवघड. त्यांना पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, म्हणजे माजी सैनिकांच्या बऱ्याच सवलतीही नाहीत. सुमारे 11.71 लाखांचा सेवानिधी एकरकमी हातात येईल. त्यांच्यासाठी इग्नूनं वेगळी पदवी आखली आहे, तिच्यात निम्मे क्रेडिट सेवाकाळातल्या कौशल्य प्रशिक्षणाचे धरले जातात. कुणी असं काही शिक्षण आधीच सुरू केलं असेल तर त्याला पुन्हा पहिल्या वर्षाला बसवण्याआधी नीट चौकशी करा.

मला काळजी वाटते ती त्या 11 लाखांची. गावात बातमी लपत नाही. महागडे कोर्स विकणारे एजंट या मुलांच्या दारात पोचतील. अमेरिकेत हे घडून गेलं आहे. तिथे माजी सैनिकांच्या शिक्षणासाठी सरकारकडून येणाऱ्या पैशावर नफ्यासाठी चालणाऱ्या काही कॉलेजांचा डोळा होता, आणि त्यांना आवर घालायला 2021 मध्ये कायदा बदलावा लागला. आपल्या प्रवेश समितीत बसलेल्या प्रत्येकानं अशा मुलाला कोर्सची पूर्ण फी, मान्यता आणि नोकरीची खरी शक्यता कागदावर लिहून द्यावी. चार वर्षं सीमेवर राहून मिळवलेले पैसे आहेत ते.

वर्गात काय अडचणी येतात?

पहिली अडचण लिहिण्याची. 17 वर्षं हिंदीत बोलणं, कामापुरतं इंग्रजी, आणि लिहिणं म्हणजे रिपोर्ट: तारीख, वेळ, जागा, काय घडलं. त्याला "ग्रामीण साहित्याची वैशिष्ट्ये सविस्तर लिहा" म्हटलं तर तो चार ओळींत चार मुद्दे लिहून पेन ठेवतो. मुद्दे चारही बरोबर असतात. त्याला 15 पैकी 4 मिळतात आणि तो मुकाट्यानं पेपर घडी करून खिशात घालतो. मी आता अशा विद्यार्थ्याला म्हणते, "रिपोर्ट छान आहे. आता हेच एखाद्या नवीन रिक्रूटला समजावून सांगताय असं समजून लिहा." पानं भरायला लागतात.

दुसरी अडचण कानांची. तोफखाना, रणगाडे, वर्कशॉप, जनरेटर यांच्या सोबतीनं नोकरी केलेल्यांना ऐकायला कमी येणं अगदी नेहमीचं आहे. माझ्या वडिलांचा डावा कान गेला होता. ऐकू आलं नाही की ते नुसते हसायचे आणि मान हलवायचे. आम्हाला घरात सवय होती, बाहेरच्यांना वाटायचं त्यांनी होकार दिला. वर्गात असा विद्यार्थी "जी सर" म्हणतो आणि आपण पुढे जातो. समजलं का, असं विचारून उपयोग नाही. फळ्यावर लिहा, तोंड वर्गाकडे ठेवून बोला, आणि कुठल्या बाजूला बसलं की बरं पडेल हे एकदा बाजूला घेऊन विचारा.

अपंगत्व 40 टक्के किंवा अधिक असेल तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ अशा सवलती आहेत. फौजेच्या मेडिकल बोर्डाचा कागद त्याच्याकडे असतोच, तरी यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढायला सांगा, म्हणजे परीक्षा विभागात अडायला नको.

तिसरी गोष्ट वयाची. 28 वर्षांच्या प्राध्यापकाला 42 वर्षांचा विद्यार्थी उभा राहून "गुड मॉर्निंग सर" म्हणतो तेव्हा दोघंही अवघडतात. "अरे, तू" असं म्हणू नका. अहो-जाहो करा, पण वर्गातल्या कामात सूट देऊ नका, त्याला ती नको असते. गटात काम दिलं की उशिरा येणाऱ्या पोरांवर तो चिडतो. एकदा समजावून सांगितलं की हीच पोरं त्याच्याकडून वेळ पाळायला शिकतात आणि त्याला मोबाइलवर पीपीटी करायला शिकवतात. माझ्या वर्गात त्यांनी नाईक हुद्द्याच्या एका माजी सैनिकाला "काका" करून टाकलं होतं. वर्षभर त्यानं त्यांची हजेरी सुधारली.

काय विचारू नये?

"किती जणांना उडवलंत?" हा प्रश्न विद्यार्थी विचारतातच, पण मी तो स्टाफरूममध्येही ऐकला आहे. विचारू नका. "काश्मीरला होतात का? काय काय बघितलंत?" हेही पहिल्या भेटीत नको. तो आपणहून सांगेल तेव्हा ऐका, आणि मध्येच आपलं मत घालू नका.

दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. प्रत्येक जण बंदूक घेऊन सीमेवर नव्हता. कुणी स्वयंपाकी होता, कुणी ड्रायव्हर, क्लार्क, नर्सिंग असिस्टंट, सिग्नलमध्ये ऑपरेटर, ईएमईत (सैन्याच्या यंत्रदुरुस्ती विभागात) मेकॅनिक. "म्हणजे तुम्ही लढला नाहीत तर" या एका वाक्यानं माणूस किती लहान होतो ते मी पाहिलं आहे. सियाचीनच्या पायथ्याशी गाडी चालू ठेवणाऱ्या मेकॅनिकची नोकरी सोपी नसते.

15 ऑगस्टला त्यांचा सत्कार करतो. तेवढं पुरत नाही का?

सत्कार जरूर करा, त्यांना आवडत असेल तर. आधी विचारा. 26 जुलैच्या कारगिल विजय दिवसाला आदल्या संध्याकाळी फोन करून "उद्या दहा मिनिटं बोला" असं सांगितलं की तो नाही म्हणत नाही, पण रात्रभर जागतो. कुणाचा जवळचा मित्र त्याच लढाईत गेलेला असतो.

आणखी एक सवय मोडायला हवी. माजी सैनिक आहे म्हणून त्याला शिस्त समितीत घालणं, गॅदरिंगला गेटवर उभं करणं, परेडची जबाबदारी देणं. तो शिकायला आला आहे, फी भरून. एनसीसीत मदत करायची त्याची हौस असेल तर वेगळी गोष्ट.

मानसिक ताण असेल तर आम्ही काय करणार? आम्ही डॉक्टर नाही.

बरोबर आहे, आणि डॉक्टर व्हायला जाऊही नका. "याला युद्धाचा धक्का बसलाय" असं परस्पर ठरवून कुजबुजणं सर्वांत वाईट. बहुतेक माजी सैनिक धडधाकट मनाचे असतात. त्यांची नेहमीची कुतरओढ वेगळी असते. युनिटमध्ये 24 तास माणसं होती, काम ठरलेलं होतं, सकाळी कुठे उभं राहायचं ते माहीत होतं. घरी आल्यावर बायकोचं घर तिच्या पद्धतीनं चाललेलं असतं, मुलं बापाला पाहुणा समजतात, गावातले मित्र पांगलेले असतात. दुपारी काय करायचं ते समजत नाही. कॉलेज हे त्या दुपारचं उत्तर असतं काही जणांसाठी.

तरीही काही खुणा दिसल्या तर दुर्लक्ष करू नका: सलग गैरहजेरी, झोप नसल्याचा चेहरा, दारूचा वास, अचानक चढलेला आवाज, किंवा "आता काही उपयोग नाही" अशी भाषा. अशा वेळी एकांतात, दार उघडं ठेवून, साधं विचारा: "चार दिवस दिसला नाहीत. घरी सगळं बरं आहे ना?" उत्तर येईपर्यंत गप्प बसा. स्वतःला इजा करायचा विचार बोलून दाखवला तर त्याला एकटं सोडू नका, घरच्या विश्वासाच्या माणसाला बोलवा.

14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. सैन्यदलांसाठी या सेवेचा खास कक्ष पुण्यात सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात (एएफएमसी) 1 डिसेंबर 2023 ला सुरू झाला. निवृत्तांना ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमधून पुढच्या रुग्णालयात पाठवलं जातं. प्रशिक्षणात आम्ही दिवाळीच्या फटाक्यांचीही आठवण देतो. कॉलेजच्या आवारात भर तासाला सुतळी बॉम्ब वाजला की वर्गातला कोण कसा दचकतो ते पाहून तासभर कुणी त्याच्यावर हसू नये, एवढंच.

नोकरीत असतानाच नाव घातलेल्या जवानांचं काय?

त्यांची अडचण तारखांची. सुट्टी परीक्षेला धरून मागितलेली असते आणि परीक्षा पुढे ढकलली जाते, किंवा सुट्टीच रद्द होते. 2025 च्या मे महिन्यात सुट्टीवर आलेल्या जवानांना तडकाफडकी परत जावं लागलं, ते ऐन परीक्षांचे दिवस होते. अशा विद्यार्थ्याचा अर्ज युनिटच्या पत्रासह विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे कॉलेजनंच पाठवावा. फील्डमध्ये नेटवर्क नसतं, म्हणून "व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं होतं" हे उत्तर त्याला देऊ नका. घरचा दुसरा नंबर घेऊन ठेवा.

वीरपत्नी शिकायला आल्या तर?

हा विषय खरं तर वेगळ्या पानाचा आहे. इथे एवढंच की त्यांना "बिचारी" करू नका, आणि नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला दर टेबलावर नव्यानं मागू नका. एका माणसानं एकदा पाहावा, नोंद करावी, पुढच्या टेबलांनी ती नोंद मानावी. त्यांच्या सोबत सासरे किंवा दीर येतात आणि बोलतात तेच. क्लार्कनं प्रश्न त्या बाईंना विचारावा आणि उत्तर त्यांच्याकडून घ्यावं.

परदेशात असं प्रशिक्षण असतं का?

अमेरिकेत ते बरंच रुळलं आहे. 1944 च्या जीआय बिल या कायद्याखाली महायुद्धातून परतलेल्यांच्या शिक्षणाचा खर्च सरकारनं उचलला, आणि 1947 मध्ये तिथल्या कॉलेज प्रवेशांत जवळपास निम्मे माजी सैनिक होते. आज तिथे ही मदत घेणारे विद्यार्थी असलेल्या कॉलेजांत त्यांचा प्रवेश आणि क्रेडिट सरकारला कळवणारा ठरलेला कर्मचारी असतो. व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठात ग्रीन झोन नावाचं प्रशिक्षण तयार झालं, ते अनेक ठिकाणी पसरलं. ते घेतलेला कर्मचारी आपल्या दारावर हिरवं स्टिकर लावतो. इथे आलास तर ऐकून घेणारा माणूस आहे, इतकाच त्याचा अर्थ.

आपण स्टिकरची कल्पना उचलली आहे. त्यांच्यासारखा पैशाचा ओघ आपल्याकडे नाही. आपला माजी सैनिक फी स्वतःच्या पेन्शनमधून भरतो. पण ही गोष्ट आपल्याला परकी आहे असं समजू नका. खडकीतली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट 1917 पासून अपंग झालेल्या सैनिकांना हाताला काम शिकवते आहे. शंभर वर्षांहून जुना अनुभव आपल्याच शेजारी आहे. प्राध्यापकांची सहल न्यायची तर तिथे परवानगी काढून न्या.

प्रशिक्षणात नेमकं काय होतं, आणि खर्च?

साधारण तीन तास. पहिल्या तासात खऱ्या डिस्चार्ज बुकाची नाव झाकलेली झेरॉक्स प्रत्येकाच्या हातात देतो आणि वाचायला लावतो: ट्रेड कुठे लिहिलाय, सेवा किती वर्षं, कारण काय. नंतर खिडकीचा प्रसंग करून दाखवतो. क्लार्कला विद्यार्थी करतो आणि एखाद्या माजी सैनिकाला क्लार्क. तो "उद्या या" म्हणतो तेव्हा हशा पिकतो, तिसऱ्यांदा म्हणतो तेव्हा कुणी हसत नाही. शेवटी दोन-तीन माजी सैनिक विद्यार्थी स्वतः बोलतात. त्यांना प्रश्न आधी दाखवलेले असतात.

खर्च चहा-नाश्त्याचा. पाहुणे म्हणून जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांना बोलवा, ते स्वतः निवृत्त अधिकारी असतात. तीन महिन्यांनी पुन्हा एक तास घ्या. त्याशिवाय पहिल्या दिवसाचं काही टिकत नाही, हा आमचा अनुभव आहे.

समन्वयक कुणाला करावं?

एनसीसी अधिकारी सोयीचे वाटतात, आणि बऱ्याच ठिकाणी चांगले ठरतातही. माझं मत विचाराल तर ऑफिसमधली, बदली न होणारी, फोन उचलणारी व्यक्ती निवडा. एका कॉलेजात ग्रंथालयातल्या ताई हे काम करतात. त्यांचा नंबर दोन तालुक्यांतल्या फौजींकडे आहे.

प्रवेशाच्या वेळी मूळ डिस्चार्ज बुक जमा करून घ्यावं का?

कधीही नाही. पेन्शन, कॅन्टीन, ईसीएचएस, मुलांचे दाखले, सगळं त्या एका पुस्तकावर चालतं. समोर बघा, झेरॉक्सवर "मूळ प्रत पाहिली" असं लिहून सही करा आणि पुस्तक लगेच परत द्या. टेबलावरून सरकवू नका, हातात द्या. वडिलांचं पुस्तक आमच्या घरी दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळून, देवाच्या कपाटात, रेशन कार्डाच्या वर ठेवलेलं असायचं. अजून तिथेच आहे.